आत्यानं धुतलेली गाणी

माझं लग्न भोसरीला, आमच्याच दारात झालं. चाकणहून वऱ्हाड आलं, नवरदेव घोड्यावरून उतरला आणि कर्ण्यावर गाणं लागलं ते लेकीला सासरी धाडतानाचं. अगदी रडवं. चाकणकर एकमेकांची तोंडं बघायला लागले. एका म्हातारीनं तर सवयीनं पदर डोळ्याला लावला.

ही सगळी आत्याची कृपा!

त्याचं असं झालं. माझा दादा पिंपरीच्या नव्या कंपनीत लागला होता आणि पहिल्या बोनसमधून त्यानं चावीचा फोनो आणला होता. मग आम्हा दोघांना एकच नाद. तो पुण्याच्या जुन्या बाजारातून रेकॉर्डी आणायचा, मी ऐकून निवडायची. तेव्हा तबकडीच्या एका बाजूला एकच गाणं मावायचं, आणि बहुतेकदा एक बाजू झकास तर मागची नुसतं भरताड. मी हट्टी. दोन्ही बाजू चांगल्या असतील तरच ठेवायची, नाहीतर परत! दादा कुरकुरायचा, ‘बाई गं, नवरा तरी एवढा पारखून करणार आहेस का?’ पण असं करता करता एक पत्र्याची पेटी भरली. सगळी गाणी अशी, की कुठलंही लावा, मान डोलणारच. ही पेटी लग्नात वाजणार आणि फोनोसकट माझ्याबरोबर सासरी जाणार, असं दादानं कबूल केलं होतं.

सासरे, म्हणजे मामंजी, सुपारी फोडतानाच म्हणाले होते, ‘कर्णा लावा, हौस करा. पण ती पेटी तुमच्याच दारात ऱ्हाऊ द्या. आमच्या घरात गाणीबिणी चालायची न्हाईत.’ माझं तर अवसानच गेलं. नवरा कसा असेल याची मला काळजी नव्हती, खरं सांगते. त्या पेटीवाचून दिवस कसे काढायचे, याची होती.

लग्नाच्या सकाळी आत्यानं घरातल्या एकूण एक नव्या वस्तूला हळदकुंकू लावलं. हंडा झाला, परात झाली, मग पेटी उघडून प्रत्येक तबकडीला ओली बोटं! दादानं सुई टेकवली तर नुसतं खर्रखर्र.

‘आत्या, अगं काय केलंस हे!’

‘शुभकार्यात नव्या वस्तूला कुंकू लावत न्हाईत व्हय?’ ती म्हणाली, आणि वर सगळ्या रेकॉर्डी रिठ्याच्या पाण्यात घालून खसाखसा चोळल्या. हळद गेली, कुंकू गेलं आणि मधले नावाचे कागदही गेले. आता सगळ्या काळ्याभोर, सारख्या. कुठली कुठली, देवाला ठाऊक. एकेक ऐकून बघायला वेळ कुठला? वऱ्हाड वेशीपाशी येऊन ठेपलं होतं.

दादा मग देवाचं नाव घेऊन लावत राहिला. अक्षता पडल्या आणि अंगाई लागली. पंगतीला विरहाचं गाणं, आणि त्यावर वाढप्यांची लगबग. शेवटी पाठवणी आली. आई गळ्यात पडली, मी पहिला हुंदका काढला, आणि कर्ण्यावर सुरू झालं नवऱ्याला लाटणं घेऊन शोधणाऱ्या बायकोचं चावट गाणं! आधी आत्या फिसकन हसली, मग आई, मग मी. हसता हसता मामंजींचा पटका घसरून कानावर आला.

‘घाला ती पेटी गाडीत,’ ते डोळे पुसत म्हणाले. ‘हसत सासरी निघालेली सून म्या पयल्यांदाच बघतोय.’

चाकणला मग रोज दिवेलागणीला मामंजी स्वतः पेटीत हात घालायचे. मी म्हटलं, खुणा करून ठेवते. ‘छ्या! मग मजा काय ऱ्हायली?’

आषाढात एकदा त्यांच्या हाताला तेच गाणं लागलं, लेकीच्या पाठवणीचं, वऱ्हाड दारात आल्यावर वाजलेलं. लग्नात राहून गेलेलं सगळं रडू मला त्या दिवशी आलं. भाकरी थापता थापता चुलीपुढे ओक्साबोक्शी रडले. मामंजींनी सुई उचलली नाही. गाणं पुरतं वाजू दिलं आणि उठून बाहेर गेले.

सकाळी उठून बघते तर अंगणात बैलगाडी जुंपलेली.

‘जा, आईला भेटून ये,’ मामंजी म्हणाले. मी धावत जाऊन पेटी उचलली, तशी त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

‘ही मातुर हितंच ऱ्हाईल. न्हाईतर तू परत कशापायी येशील?’