साडूच्या गाडीतलं कुंकू

गाडी कुणाचीही असो, तिच्यात घटकाभर बसून मत दिल्याशिवाय बबनरावांना चैन पडत नसे. नेरच्या बसस्टँडाबाहेर भाड्याच्या गाड्या उभ्या असतात. तिथं कोणी नवी गाडी आणली की बाकीचे ड्रायव्हर आधी बबनरावांना स्टेअरिंगवर बसवायचे. इंजिनाबद्दल ते अवाक्षर काढत नसत. डॅशबोर्डावरून हात फिरवायचे, दोन सीटांमधली जागा चाचपायचे, एखादं बटण डोळे मिटून शोधायचे आणि मग निकाल द्यायचे. "इंजिन कायले पाहता? ड्रायव्हर इंजिनात बसते का?"

त्यांची स्वतःची गाडी जुनी होती, पण डॅशबोर्ड पाटासारखा सपाट. त्यावर कोकिळाबाईंनी शिवलेली हिरव्या मखमलीची पट्टी आणि गजानन महाराजांची तसबीर. हवेची, दिव्याची बटणं जाडजूड. रस्त्यावरची नजर न काढता बोटांना सापडणारी. दोन सीटांच्या मध्ये पानाचा डबा, अडकित्ता, रुमाल आणि पाण्याची बाटली असा सगळा संसार. हिच्यासारखी मांडणी पुन्हा झाली नाही, हे त्यांचं कायमचं मत.

त्या गाडीला आणखी एक मान होता. त्यांच्या सासुरवाडीची प्रत्येक लेक त्याच गाडीतून नांदायला गेलेली. कोकिळाबाईंची धाकटी बहीण राखीसुद्धा. आता पाळी निकिताची, म्हणजे कोकिळाबाईंच्या भावाच्या, उकंडरावांच्या मुलीची होती. लग्न दिवाळीनंतरचं ठरलं आणि नेमकी त्याच सुमारास राखीच्या नवऱ्यानं, कपिलनं, नवी गाडी घेतली.

कपिलचं राळेगावला बी-बियाण्यांचं दुकान. वयानं लहान, अंगानं बारीक, बोलायला गोड. बबनरावांना त्याच्यात खोड काढता आली नव्हती, आणि तेच त्यांना खुपत आलं होतं. गाडीचा फोटो फोनवर आला तेव्हा त्यांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला. डॅशबोर्डाच्या मधोमध काळी पाटी होती, भिंतीवरच्या टीव्हीची धाकटी बहीण असावी तशी. बटण एकही नाही. त्या दिवसापासून स्टँडावर दुसरा विषय निघेना. पडद्यावर बोट फिरवणारा माणूस रस्ता कधी पाहणार? मधल्या चकचकीत जागेत पानाचा डबा ठेवला तर वळणावर घसरणार नाही का? हसून हसून एकदा स्टँडावरचा ड्रायव्हर पूनमसिंग म्हणाला, "बबनभाऊ, गाडी साडूची हाय, पोट तुमचं काहून दुखून राह्यलं?" बबनरावांनी त्या दिवशी चहाचे पैसे दिले नाहीत.

नवरीची गाडी कोणती, हे उकंडरावांना स्वतः सांगायचं नव्हतं. दोन्ही जावई घरचेच. एकाला हो म्हटलं की दुसरा रुसणार. त्यांनी शहाणपणा केला. नव्या गाडीची पूजा सासुरवाडीला करायची असं कपिलनं ठरवलं होतं. त्या दिवशी सगळे जमतील, तेव्हा थोरली बहीण म्हणून कोकिळाच काय ते सांगेल, असं त्यांनी जाहीर केलं. बबनराव निर्धास्त झाले. आपली बायको आपल्या गाडीला नाही म्हणणार नाही.

पूजेच्या दिवशी अंगणात गाडी उभी राहिली आणि बबनराव रीतसर स्टेअरिंगवर जाऊन बसले. डॅशबोर्डावर हात ठेवला तर तो मऊ लागला, रबर आणि कातडं यांच्या मधलं काहीतरी. हाताला आवडलं, म्हणून त्यांनी हात काढून घेतला. कपिलनं गाडी चालू केली होती. गार हवा नेमकी गळ्यापाशी येत होती. पडदा मात्र काळाच होता. कपिल म्हणाला, तो बोट लावलं की जागा होतो.

बाहेर कोकिळाबाईंनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. मग त्या बबनरावांच्या शेजारच्या सीटवर येऊन बसल्या. त्यांच्या घरची रीत अशी की गाडीच्या आतही पुढच्या फळीवर कुंकवाचं स्वस्तिक निघायचं. हातात कालवलेल्या कुंकवाची वाटी. त्यांनी डॅशबोर्डाकडे पाहिलं. सगळीकडे चढउतार, शिवण, जाळ्या. सपाट जागा एकच, मधली काळी पाटी. स्वस्तिकासाठीच सोडल्यासारखी.

बोट कुठं जाणार ते बबनरावांना कळलं. मागं बदली ड्रायव्हर म्हणून दुसऱ्याची गाडी चालवताना त्यांनी असल्याच पडद्यावर ओलं फडकं फिरवलं होतं आणि मालकाचे चार शब्द ऐकून घेतले होते. कोकिळाबाईंचं बोट वाटीत बुडालं, वर आलं. "थांब" म्हणायला पुरेसा वेळ होता. बबनरावांना तो पडदा लाल झालेला पाहायचा होता. ते गप्प बसले.

पहिली रेघ ओढताच पडदा उजळला. दुसऱ्या रेघेला गाणं सुरू झालं, तिसरीला ते अंगणभर दणाणलं. घाबरून कोकिळाबाईंनी पुसायला तळवा लावला, तर गाणं थांबलं आणि कुणाला तरी फोन लागून घंटी वाजू लागली. मग डॅशबोर्डातून एका म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज आला, "कपिलभाऊ, हरभऱ्याचं बियाणं आलं काय?"

परक्या पुरुषाचा आवाज ऐकून कोकिळाबाईंनी झटकन डोक्यावर पदर घेतला. कुंकवाचा हात पदराला लागला.

सगळं अंगण हसलं. राखीनं तर पोट धरलं. "ताई, तो टीव्ही हाय वो, देव्हारा नाही." पण सगळ्यांत आधी हसले होते बबनराव, अगदी बायकोच्या कानाशी. कोकिळाबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. हसणं थांबवायला त्यांना जरा उशीर झाला.

कपिल धावत आला. बबनरावांना वाटलं, आता याचा चेहरा उतरणार. त्यानं चष्म्याच्या कापडानं पडदा हलकेच पुसला, पाहिलं, सगळं ठीक होतं. कडेला राहिलेली लाल रेघ त्यानं मुद्दाम तशीच ठेवली. "राहू द्या ताई," तो म्हणाला, "मी जागा मोकळी ठेवाले पाह्यजे होती. चूक माहीच हाय." बबनरावांना तो त्या क्षणी जितका नकोसा वाटला तितका कधीच वाटला नव्हता.

जेवताना उकंडरावांनी विषय काढला. कोकिळाबाई वाढत होत्या. पदरावरचा डाग त्यांनी आत खोचला होता.

"निकिता कपिलच्या गाडीत जाईन," त्या म्हणाल्या. "आमची मांगून येईन, आंदण घेऊन."

घरी परतताना न राहवून बबनरावांनी विचारलं, काहून असं केलं? पूर्वीच्या साऱ्या लेकी विसरली का?

"तुम्हाले मालूम होतं," कोकिळाबाई समोर पाहत म्हणाल्या. "माह्या बाजूले बसून तुम्ही पाहून राह्यले होते."

बबनरावांनी डॅशबोर्डावरची मखमलीची पट्टी उगाच सरळ केली.

लग्नाच्या संध्याकाळी पाठवणी झाली. नवरानवरी मागच्या सीटवर, आणि पाठराखीण म्हणून कोकिळाबाई पुढं, कपिलच्या शेजारी. बबनरावांच्या गाडीत कपाट, गादी आणि भांड्यांची पोती. दर खड्ड्याला भांडी वाजत होती. पुढच्या गाडीच्या काचेतून निळसर उजेड आणि कोकिळाबाईंचं डोकं दिसत होतं. कपिल हातवारे करून काहीतरी समजावत होता. कोकिळाबाईंनी हात पुढं केला, बोट लावलं, आणि दोघंही हसले.

बबनरावांनी हॉर्न दिला. पुढच्या गाडीनं सभ्यपणे बाजूला होऊन वाट दिली. पण त्यांना पुढं जायचं नव्हतं.