डाव्या सीटपुढचा पत्रा

"काकू, इंजिन मोठं टाका. पण पुढच्या सीटला हात लावू नका," कौसल्या म्हणाली.

परभणीत आमचं गॅरेज आहे. नवरा गेल्यापासून मीच चालवते. गिऱ्हाईक सहसा उलटं बोलतं. सीट कव्हर नवं हवं, म्युझिक सिस्टिम नवी हवी, इंजिनाचं पुढच्या वर्षी बघू. ही बाई मात्र फाटक्या रेक्झिनची सीट जपायला निघाली होती. मी चष्मा पुसून गाडीकडे नीट बघितलं. फुगीर बॉनेटची, पांढरी, तिच्या सासऱ्यांच्या काळातली गाडी. पेडगावहून ती स्वतः चालवत आली होती.

"ही विका आणि नवी घ्या," मी म्हणाले. धंद्याला मारक सल्ले द्यायची सवय मला वयामुळे लागली आहे.

"नव्या लय बघितल्या. आमच्या मालकाला त्यात बसवता येत न्हाई."

मालक म्हणजे तिचा नवरा, दत्तराव. कडब्याच्या गंजीवरून पडला आणि मणक्याला मार लागला. छातीखालचं अंग गेलं. ना हलतं, ना तिथलं काही कळतं. हातांत थोडी ताकद उरली होती. या जुन्या गाडीची पुढची सीट बाकासारखी सपाट. व्हीलचेअर दाराला लावायची, मधे फळी टाकायची आणि त्याला सरकवत आत घ्यायचं. कौसल्या एकटी हे करू शकायची. नव्या गाड्यांच्या सीटला खोलगट कडा असतात, त्याला उचलावंच लागतं. एकट्या बाईला ते जमत नाही.

"मग इंजिन कशाला बदलता? हे बरं चालतंय की."

"एसी लावला की चढावर मरायलीय. एसी बंद केला की हे तापतात."

हे तापणं मलाही माहीत नव्हतं, म्हणून सांगते. अशा माणसाच्या निर्जीव अंगाला घाम येत नाही. घाम नाही म्हणजे अंग थंड व्हायची सोय नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद गाडीत त्याला तापच चढतो, गुंगी येते. एकदा तसंच झालं, तेव्हापासून ऊन वाढलं की परभणीला व्यायामाला न्यायचं बंद. व्यायाम बंद झाला की हाताची बोटं आखडतात. मागच्या उन्हाळ्यात डाव्या हाताची दोन बोटं मिटली, ती मिटलीच. या उन्हाळ्यात बाकीची मिटतील, ही तिला भीती होती.

विशीतली मी असते, तर "होऊन जाईल" म्हणून तिथेच पाने काढले असते. ती पोरगी आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकच्या वर्गात एकटी मुलगी होती आणि त्याचा तिला फार माज होता. एका जीपमध्ये तिने मोठं इंजिन बसवलं, तर बॉनेट लागेना. तिने बॉनेटलाच भोक पाडलं आणि मालकाला सांगितलं, ही हवेची सोय आहे. मालक खूश. पहिला पाऊस पडेपर्यंत.

म्हणून आधी कागद. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी अगोदर घ्यावी लागते, नाहीतर अपघात झाल्यावर इन्शुरन्सवाले हात वर करतात. ती मिळाल्यावर एका मोडीत निघालेल्या गाडीचं दोन लिटरचं डिझेल इंजिन आणलं. ते उघडून, धुऊन, पुन्हा बांधलं.

मोठं इंजिन बसवणं म्हणजे नुसतं जुनं काढून नवं ठेवणं नव्हे. ते जड असतं, गाडी नाकावर बसते, म्हणून पुढचं सस्पेन्शन कडक केलं. गाडी जोरात पळणार म्हणजे तिला थांबताही आलं पाहिजे, म्हणून ब्रेक बदलले. रेडिएटर मोठा लावला. इंजिन ज्या रबरी पायांवर बसतं, ती माउंटिंगं दोनदा बदलली, कारण पहिल्या खेपेला सगळी गाडी थरथरायची. आमचा हेड मेकॅनिक नईमभाई यात उस्ताद. शेवटचा बोल्ट आवळून तो म्हणाला, "बाई, आता हिला ट्रॅक्टर बांधला तरी ओढतीय."

ट्रायलला आम्ही सेलूच्या पुढे देवगाव फाट्यापर्यंत जायचं ठरवलं. कौसल्या चालवणार, कारण रोज तीच चालवणार होती. मी डावीकडे, दत्तरावच्या जागी. परतताना पेडगावला गाडी ताब्यात द्यायची, असं ठरलेलं. चपला मी बाहेर काढून मागे ठेवल्या. सासऱ्यांनी पूजा केलेल्या त्या गाडीत त्यांच्या घरचं कुणीच पायताण घालून बसत नसे.

भर दुपार. एसी लावलेला. चढ आला, मी श्वास रोखला. गाडीला काही कळलंच नाही. कौसल्या हसली आणि मग डोळे पुसायला लागली.

"रस्त्याकडं बघ ग बाई," मी म्हणाले.

फाट्याला वळसा घालून आम्ही निघालो. पेडगाव जवळ आलं आणि मी उतरायच्या तयारीला लागले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी सीटवर मांडी घालून बसले आहे.

म्हाताऱ्या बाईने मांडी घालणं यात नवल काही नाही. पण निघताना मी पाय खाली सोडून बसले होते. वर कधी घेतले? का घेतले? मी एक पाय खाली टेकवला. रबरी मॅट गरम होती. चटका बसावा इतकी नाही. पण थोडा वेळ ठेवला आणि पाय आपोआप वर आला.

या इंजिनाचा धूर डाव्या बाजूने बाहेर पडतो. त्याचा पाइप बरोबर या जागेखालून मागे जातो. जुन्याचा तसा नव्हता. आमच्या धंद्यात अशी गोष्ट गिऱ्हाईकच सांगतं. "पाय भाजायलेत" म्हणत चार दिवसांनी येतं, आम्ही पत्रा लावून देतो. या सीटवर बसणारा माणूस हे सांगणार नव्हता. तो पाय वर घेणार नव्हता.

पेडगावला घरासमोर दत्तराव इस्त्रीचा सदरा घालून व्हीलचेअरमध्ये बसला होता. मांडीवर नारळ. तो हातात धरता येत नव्हता, दोन्ही मनगटांनी अडवलेला.

"झाली का आमची गाडी, काकू?"

"गाडी झकास झाली. पण आज द्यायची नाही."

मी कारण सांगितलं. तो ऐकून हसला. "भाजू द्या की. मला कुठं दुखायलंय?"

त्याच्याशिवाय कुणी हसलं नाही. कौसल्या गाडीच्या डाव्या दाराशी गेली, वाकली, मॅट बाजूला केली आणि पत्र्यावर तळहात ठेवला. ठेवून राहिली. मग पटकन काढला.

"मागं शेकोटीपाशी टाच भाजली, तवा बी असंच म्हनले," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "ती जखम भरायला दुसरा हिवाळा आला. रोज मी धुवायची. तुमाला दुखत न्हाई, मला दुखायलं."

दत्तरावने मान खाली घातली. घसरणारा नारळ मनगटाने पुन्हा मांडीवर घेतला.

"उन्हाळा सरल्यावर देसाल मग?" त्याने विचारलं.

हा प्रश्न मला लागला. "व्यायामाचा पुढचा वार चुकू देत नाही," मी म्हणाले आणि गाडी परत नेली.

नईमभाईला वाटलं, एक जाड पत्रा ठोकला की काम झालं. पण पत्राही तापतो. आम्ही पाइप कापून वळवला, जमेल तितका मधे नेला. पाइप आणि गाडीचा तळ यांच्यामध्ये पत्र्याचा पडदा लावला आणि दोन्हीकडून बोटभर फट ठेवली, म्हणजे चालताना तिथून वारा वाहील. आत मॅटखाली उष्णता अडवणारी जाड चादर अंथरली. एसीच्या हवेचं एक तोंड पायांकडे वळवलं.

आता पुन्हा ट्रायल. चालवायला कौसल्येला बोलावून घेतलं. पण मला माझ्या पायांचा भरवसा नव्हता. ते गुपचूप वर येतात, हे मी बघितलं होतं. मी जुन्या नऊवारीचा काठ फाडून आणला आणि नईमभाईला म्हणाले, "बांधा."

"काय बांधू?"

"माझे पाय. घोट्यापाशी. आणि सीटच्या लोखंडाला."

"या अल्ला," नईमभाई म्हणाला, पण गाठ त्याने पक्की मारली.

देवगाव फाट्यावर टपरीवाला खिडकीतून चहा द्यायला आला. त्याने खाली बघितलं.

"आजी, पाय कामून बांधले?"

"मी पळून जाते म्हणून," मी म्हणाले.

त्याने कौसल्येकडे असं बघितलं की बिचारीला चहा गोड लागला नसेल.

येताना पायांना मुंग्या आल्या. मग मुंग्याही गेल्या आणि काहीच कळेनासं झालं. मी वाकून पावलांकडे बघितलं. ती माझीच होती, आणि तरी कुणीतरी माझ्याकडे ठेवायला दिल्यासारखी. गार आहेत की गरम, मला सांगता येईना. मग हात खाली नेऊन तळहात मॅटवर टेकवला. मॅट गार होती.

गाठ सोडताना मी कौसल्येला म्हणाले, "पत्रा आम्ही लावला, पण पत्र्यावर सोडू नको. गाडी थांबली की दर वेळी त्याच्या पायाखाली हात घालून बघ."

"बघते," ती म्हणाली.

व्यायामाचा वार चुकला नाही. तो अख्खा उन्हाळा गाडी आमच्या गॅरेजवरून जायची. मी दारात उभी असले की दत्तराव आतून कोपर वर करायचा. मिटलेली दोन बोटं उघडली नाहीत, ती आता उघडायची नाहीत. बाकीची मिटली नाहीत. दसऱ्याला गाडी आमच्याकडे पूजेला आणली, तेव्हा त्याने नारळ उरलेल्या बोटांत धरला आणि खिडकीतून टाकला. फुटला नाही. कौसल्येने उचलून पुन्हा त्याच्या हातात दिला. दुसऱ्यांदा फुटला.

नऊवारीचा तो काठ गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेला आहे. इंजिन बदललेल्या गाडीच्या ट्रायलला जो डावीकडे बसेल, त्याने पाय बांधून बसायचं. मेकॅनिक कुरकुरतात, नईमभाई सर्वांत जास्त. कुणी विचारलं तर मी सांगते, गाडीत बसणारा प्रत्येक माणूस तक्रार करायला येईलच, असं धरून चालू नये. मग गाठ ओढून बघते.