ज्वारीची उतरती रेघ

आमच्या कंपनीचं गोदाम कुवेतमध्ये अर्दियाला आहे आणि गोदामाच्या वरच माझं टेबल. तिथे बसून मी धान्याच्या आयात-निर्यातीचे आलेख काढते. माहेर सोलापूरकडचं, नवरा तेलाच्या धंद्यात इंजिनिअर, घर सबाह अल-सालेमला. या कामात आले तेव्हा मला काही येत नव्हतं. ज्वारी मात्र मला कुणी शिकवायला नको होती.

सुदानहून ज्वारी घ्यायचं काम एक वयस्कर सुदानी गृहस्थ बघत. मी त्यांना उस्ताद म्हणते. नमुन्याची पिशवी आली की त्यातली थोडी माझ्याकडे यायची. मी ती घरी दळायची, भाकरी थापायची आणि दुसऱ्या दिवशी निकाल सांगायची. दाणा जुना असला की पिठाची विरी गेलेली असते, चिकटपणा उरत नाही, भाकरी काठाला चिरते. त्यावर उस्ताद म्हणायचे, आमच्या किसराचे असले नखरे नसतात. पीठ आंबवायचं आणि तव्यावर पातळ पसरायचं. माझी मुलगी दोन्हींना इंग्रजीतून नाक मुरडायची.

तिकडे युद्ध सुरू झालं आणि पिशव्या येईनाशा झाल्या. मग मुदीरने, म्हणजे आमच्या मॅनेजरने, मला आफ्रिकेतल्या धान्याचा लांब पल्ल्याचा कल काढायला सांगितलं. सुदानचं टेबल, म्हणजे तिकडचा व्यवहार, ठेवायचं की बंद करायचं, हे त्यावर ठरणार होतं. टेबल बंद म्हणजे उस्तादांचा इकामा, इथे राहायचा परवाना, गेला, आणि इकामा गेला की कुवेत सोडायचं. माणसाने जायचं कुठे? माझा जीव थाऱ्यावर नव्हता. चहा ओतायची आणि तसाच ठेवून खिडकीशी जाऊन उभी राहायची. घरात सगळ्यांवर चिडचिड.

बहुतेक देशांत पीक वाढलेलं दिसत होतं, पण खाणारी तोंडं त्याहून भराभर वाढलेली. शहरं पावावर आणि भातावर आली, गहू-तांदूळ जहाजांनी बाहेरून येऊ लागले. सुदान तर म्हणे एकेकाळी साऱ्या अरबांचं कोठार होणार होता. त्याच्या ज्वारीच्या निर्यातीची रेघ खाली-वर होत उतरतच गेली होती. मी खाली लिहून टाकलं: लोकांच्या खाण्यातून ज्वारी सुटत चालली आहे. आमच्याकडे तेच झालं ना! ऊस आला, पोळी आली, ज्वारी मागे पडली. शितावरून भाताची परीक्षा करायची खरी, पण शीत त्याच भातातलं हवं.

उस्तादांनी वाचलं. ते चिडले असते तर बरं वाटलं असतं.

"आम्ही ज्वारी सोडलेली नाही, माझ्या बहिणी," ते म्हणाले. "विकायला उरत नाही. आहे तेवढी आम्हीच खातो, आणि ती पुरत नाही."

मी तो कागद फाडला आणि सगळं नव्याने मांडलं. या वेळी ज्वारीच्या रेघेशेजारी बाहेरून येणाऱ्या गव्हाची चढती रेघ ठेवली. मीटिंगमध्ये मुदीर दोन्ही रेघा पुन्हा पुन्हा बघत होता. मला राहवेना. तिकडून ज्वारी घेता येत नसेल तर तिकडे गहू विका, मी बोलून गेले, बंदरावरचे व्यापारी उस्तादांइतके कुणाच्या ओळखीचे आहेत? मुदीरला ते पटलं. टेबल राहिलं, इकामा राहिला. जन्मभर तिकडची ज्वारी इकडे आणणारा माणूस आता काळ्या समुद्राकडचा गहू तिकडे पाठवू लागला.

पहिलं जहाज पोर्ट सुदानला लागलं त्या दिवशी मी हौसेने खजुराचा डबा घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले. त्यांनी एक उचलला, पण हातातच धरून ठेवला. त्यांचं गाव, त्यांनी सांगितलं, बंदरापासून फार आत, पश्चिमेला. मधले रस्ते बंद. तो गहू तिथवर जाणार नव्हता, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी मात्र विचारलंही नव्हतं.

"मग गावी घरचे सध्या काय खातात?"

"बियाण्याला ठेवलेली ज्वारी काढलीय," उस्ताद म्हणाले.