सोल्युशन वाळेपर्यंत

चौसाळ्याला हायवेच्या कडेला एका मुलीच्या चाचाचं पंक्चरचं दुकान आहे. सकाळी ते ती सांभाळते आणि दुपारी बसनं बीडला कॉलेजला जाते. ट्यूब घासून सोल्युशन लावलं, की ती मांडीवर पुस्तक उघडते. सोल्युशन वाळेपर्यंतचा वेळ तिच्या अभ्यासाचा. पुस्तकाच्या पानापानावर काळे अंगठे उमटलेत. गिऱ्हाईक कितीही कावलं तरी तिची मान वर होत नाही. "वल्ल्यावर पट्टी टिकत न्हाई," एवढंच म्हणते. मला तर पोरगी उर्मटच वाटायची.

परवा माझ्या ट्यूबला सोल्युशन लावलं आणि तेवढ्यात बस दिसली. तिनं पट्टी सरळ माझ्या हातावर ठेवली.

"काका, आज पेपर हाय माजा. वाळलं की पट्टी लावा अन् हातोडीनं ठोका. चाचा येतेतच."

मी काही बोलायच्या आत ती पळत जाऊन बसमध्ये चढलीसुद्धा.

मी तिच्या स्टुलावर बसलो. मागून एक जण पंक्चर गाडी ढकलत आला. "ओ, उरका की लवकर! मला लई घाई हाय."

मी मान वर केली नाही. म्हणालो, "वाळू द्या. वल्ल्यावर टिकत न्हाई."