कोकिळाअक्काचं साटंलोटं

आमच्या घरात कोणाला कुठे जायचं असलं की बस नंतर बघायची, आधी कोकिळाअक्काला विचारायचं. ही माझी थोरली बहीण. मेहुणे गेले तेव्हापासून ती पिंपळनेर सोडून आमच्याकडेच राहते. माझा मुलगा भूषण शेतात बोअर कुठे मारायचं तेसुद्धा तिलाच विचारतो. पाणी लागलं नाही तर बोअरवाल्याला बोलतो, अक्काला नाही.

तर माझी नात, भूषणची मयुरी, जळगावहून आली आणि सांगू लागली, की विद्यापीठ तिला सहा महिने पोलंडला शिकायला पाठवतंय, आणि तिकडची एक मुलगी इकडे येतेय. मला आनंदाने ठसकाच लागला. आमच्यातलं कोणी सुरतेच्या पलीकडे गेलेलं नव्हतं. भूषण मात्र खाली बघत म्हणाला, अक्का हो म्हणाली तर जा. आता झाली का पंचाईत.

पोलंड कुठे, थंडी किती, यातलं अक्काने काही विचारलं नाही.

‘आपली तिकडे, त्यासनी इकडे,’ ती म्हणाली. ‘म्हंजे साटंलोटं शे.’

मयुरीने परोपरीने सांगितलं, यात लग्नबिग्न काही नाही. अक्काचं म्हणणं, लग्न नसेना का, पोरीच्या बदल्यात पोर जातेय ना, मग रीत तीच. आणि त्या रीतीत तिचा हात धरणारं कोण? तिला पिंपळनेरला दिली आणि तिची नणंद तानूबाई माझ्या पदरात पडली. एकाच मांडवात दोन्ही लग्नं.

साट्याचा नियम कडक. एकीकडची सून रुसून माहेरी आली, की दुसरीकडचीलाही माहेरी धाडायचं. अक्का पहिल्यांदा रुसली ती मिरचीवरून. तिची सासू, म्हणजे आमच्या तानूबाईची आई, एवढंच म्हणाली, की भाजीत मिरची जरा हात राखून घाल. अक्काने पळी खाली ठेवली, पिशवी भरली आणि थेट आमच्या दारात. इकडे तानूबाई माझ्यासाठी भाकरी थापत होती. आमचं भांडण नाही, तंटा नाही, पण तिलाही पिशवी भरावी लागली. पुढची भाकरी मी थापली, ती कुत्र्यानेही हुंगून सोडली. समेट झाला की दोघी एकाच दिवशी परत निघायच्या आणि साक्रीच्या स्टँडवर त्यांची गाठ पडायची. चहा प्यायच्या, कोणाचा नवरा किती वाळला ते एकमेकींना सांगायच्या आणि आपापल्या गाडीत बसायच्या. असं कितीदा झालं म्हणून सांगू. पिंपळनेरची भाजी मात्र शेवटपर्यंत तिखटच राहिली.

तर अक्काने अट घातली. त्यांची पोर आधी आपल्या घरी येऊ द्या, जेवू द्या. नांदेलशी वाटली तर मयुरी जाईल, नाही तर नाही.

श्रावणात ती पोर जळगावला आली. नाव इरेना. मयुरी तिला शनिवारी गावी घेऊन आली. चांगली उंच. आमच्या चौकटीवर कपाळ आपटलं आणि तिने चौकटीलाच सॉरी म्हटलं. अक्का खूश. म्हणे, लाकडाची माफी मागते, ती माणसाला काय त्रास देणार. रात्री अक्काने शेवभाजी केली, वर बोटभर तर्री. इरेनाचे डोळे गळत होते, नाक गळत होतं, तरी तिने वाटी पुढे केली. अक्का म्हणाली, नांदेल.

सकाळी बघतो तर इरेना पोट धरून ओट्यावर बसलेली, शेजारी तिची बॅग. तिला होस्टेलवर परत जायचं होतं. मयुरीच्या तोंडचं पाणी पळालं, कारण अक्का दारातच उभी होती, आणि आमच्या घरात पिशवी घेऊन ओट्यावर बसलेल्या पोरीचा अर्थ एकच. भूषण तर पुटपुटलाही, की राहू दे आता ते पोलंड.

अक्काने बॅग उचलली, आतल्या खोलीत ठेवली आणि बाहेरून कडी घातली. मग चुलीपुढे बसून मुगाची खिचडी टाकली. हळद घातली, मीठ घातलं. मी मिरचीच्या डब्याकडे बघत राहिलो. तो काही उघडला नाही.

तानूबाईने ते बघितलं. ‘मनी माय हाईच सांगता सांगता मरी गयी,’ ती म्हणाली.

‘ती सासू व्हती,’ अक्का म्हणाली. ‘हाई पोर शे.’

इरेनाने खिचडी खाल्ली, झोपली आणि उठून पुन्हा खिचडीच मागितली. संध्याकाळी अक्काने कडी काढून बॅग तिच्यापुढे ठेवली. इरेनाने ती उशाला घेतली आणि आणखी एक मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी अक्काने भूषणला धुळ्याला पिटाळलं, मयुरीसाठी जाड स्वेटर आणायला. तिचा हो म्हणजे तो स्वेटर.

मयुरी निघाली त्या दिवशी धुळ्याच्या स्टँडवर आम्ही सगळे होतो. इरेनाही जळगावहून आली होती. मी कंडक्टरला पोलंडची थंडी समजावून देत होतो, त्याने तिकीट दोनदा फाडलं. मयुरी अक्काच्या पाया पडली. अभ्यास कर, जपून राहा, असलं काही अक्का बोलली नाही. तिने शेजारी उभ्या इरेनाचं मनगट घट्ट धरलं.

‘तुले तठे कोनी काही बोलनं ते माले फोन कर,’ ती मयुरीला म्हणाली. ‘त्यासनी पोर मन्हापाशी शे.’

मयुरी हसत हसत गाडीत चढली. बस हलली तेव्हा इरेना डाव्या हाताने टाटा करत होती. उजवा अक्काने अजून सोडला नव्हता.