ओल्या काचा
पिंजारी गादीत नवा कापूस भरतो तेव्हा त्याला सरकीचा कोरडा वास येतो, आणि मला खामगावच्या दवाखान्यातली ती आठ वर्षांची मुलगी आठवते. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी तिथे रक्त तपासायचो. तिला रक्ताचा कॅन्सर असावा, असा डॉक्टरांना संशय होता. त्यांनी कमरेच्या हाडात जाड सुई घालून मज्जा काढली, तेव्हा तिनं माझं बोट घट्ट धरलं होतं. "अजून टोचसान काय मले?" तिनं विचारलं. "नाही, एकदाच," मी म्हणालो. मज्जेचा थेंब काचपट्ट्यांवर पसरून मी त्या तपासणीसाठी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला तिच्या वडिलांकडे दिल्या. पुढे नागपूरची गाडी जिथे मिळायची, त्या जलंबची गाडी निघायला आली होती, म्हणून नीट सुकूही दिल्या नाहीत. वडील जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. काचा फुटू नयेत म्हणून त्यांनी त्या कापसात गुंडाळल्या. तिसऱ्या दिवशी ते परत आले. सगळा नमुना कापसाला चिकटून निघाला होता. "मी तं सगळ्यात मऊ कापूस घेतला होता, साहेब. माह्यामुळंच झालं हे." मी नव्या काचपट्ट्या पुसायला घेतल्या. दुपारी डॉक्टरांबरोबर सुई घेऊन गेलो, तर मुलगी आपणहून कुशीवर वळली. या वेळी तिनं वडिलांचं बोट धरलं. काचा ओल्या होत्या, एवढंच त्यांना सांगायचं होतं, ते कधी सांगितलं नाही. ते मी आज पिंजाऱ्यासमोर बसून मनातल्या मनात सांगतो.