उंट द्यायला शिकले तेव्हा

बाबा जाऊन चार महिने झाले. विजय नगरच्या फ्लॅटमधलं त्यांचं कपाट आवरताना बुद्धिबळाची वही हाती आली आणि आवरणं तिथंच थांबलं.

माझा खेळ अगदी नोकरदार घरातला. हातचं सोडायचं नाही. जमेल तशी मारामारी करून पट रिकामा करायचा आणि बरोबरीवर सुटायचं. बाबा वैतागायचे. एरवी ते दसऱ्यापासूनच स्वेटर घालणारे, पण पटावर त्यांना हल्ला लागे. म्हणून त्यांनी मला मोठ्या खेळाडूंच्या डावांना बसवलं. ते डाव त्यांनी या वहीत हातानं उतरवले होते. पुढची चाल एका जुन्या लग्नपत्रिकेनं झाकायचे आणि मी ती ओळखायची. अट एकच होती. काय मिळेल ते नंतर. आधी काय जाईल ते मोठ्यानं सांगायचं.

“घोडा जाईल.”

“मग जाऊ दे ना! तुला काय त्याला सासरी न्यायचंय?”

बरोबर ओळखलं की म्हणायचे, “क्या बात है भिया!” पोटच्या मुलीला भिया, म्हणजे भाऊ, म्हणणारा बाप इंदूरमध्येच मिळायचा.

ओळखणं हळूहळू जमू लागलं, पण आमच्या आपसातल्या डावात मी त्यांना कधीच हरवलं नव्हतं. मागच्या हिवाळ्यात त्यांचा आजार कळला. तेव्हापासून मला एकदा तरी जिंकायचं होतं. आणि भीती वाटायची ती एवढीच, की ते मुद्दाम जिंकू देतील.

एका रविवारी जेवणं झाल्यावर खेळायला बसलो. त्यांचा राजा किल्लेकोट करून कोपऱ्यात सुरक्षित होता. त्याच्या पुढ्यातलं प्यादं मी उंटानं मारलं.

“उंट जाईल,” सवयीनं तोंडातून निघालं.

ते हसले. राजानं उंट घेतला. मी घोड्यानं शह दिला, त्यांनी राजा मागे नेला, माझा वजीर आत शिरला. बाबा खूप वेळ पटाकडे बघत राहिले. मग त्यांनी राजा आडवा केला.

मला आनंद झालाच नाही. “बाबा, मुद्दाम हरलात ना?”

“पागल आहेस का,” म्हणाले आणि पडायला गेले. हे काही उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवत होते, तोच आतून हाक आली. कालचा डाव पुन्हा मांडून ते पलंगावर बसले होते.

“मागे नाही, राजा पुढे काढायचा होता! एकच घर. तुझा हल्ला फुसका होता, बाईसाहेब. रात्रभर डोकं खाल्लंन् त्यानं.”

किती खूश होते! म्हणजे काल ते खरोखर हरले होते. इतकं मोठं काही त्यांनी मला दुसरं दिल्याचं आठवत नाही.

मी समोर बसले. म्हटलं, “मग दाखवा, राजा पुढे आल्यावर मी काय करायचं ते.”